कावळ्याला नकली कावळा आणि भोंगा: कुणी करून बघितलंय का? (उन्हाळी भुईमूग)

मांजराकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ९.१०

राम राम मंडळी.

आमचं रान कळंब तालुक्यात, मांजरा धरणाच्या खालच्या अंगाला. यंदा दीड एकर उन्हाळी भुईमूग केलाय. टीएजी-२४ वाण, ६५ किलो बी, बाया लावून टोकण. बियाण्याचा भाव तुम्हाला माहीतच आहे, दाणे मोजून टाकल्यासारखे टाकलेत. थंडीमुळं उगवण जरा रेंगाळली. परवा मोड वर डोकावले आणि काल सकाळपासून कावळे.

आधी मला वाटायचं पाखरू म्हणजे चार दाणे इकडचे, चार तिकडचे. हा गडी तसा नाही. सरीच्या डोक्याला उतरतो आणि ओळ धरतो. दोन पावलं टाकतो, मान वाकडी करून एका डोळ्यानं जमिनीकडं बघतो, चोच घालतो, मोड धरून मागं सरकत ओढतो. खालचा दाणा तेवढा खातो, कोवळा कोंब तिथंच आडवा टाकतो आणि पुढच्या ठोंबाला. मधला एकही सोडत नाही. धुऱ्यावर बसून मोजलं. माझा चहा होईपर्यंत एकट्यानं २३ मोड काढले. असे सत्तर-ऐंशी आहेत.

बुजगावणं केलं. त्याला आमच्या दाजींचा लग्नातला सफारी घातला होता. कावळ्यांनी जावयाचाही मान ठेवला नाही.

काल रात्री मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. अमेरिकेतला एक माणूस मक्याच्या कापलेल्या रानात प्लास्टिकचे काळे कावळे मांडतो, स्वतः झुडपात दडतो आणि पिपाणीसारखं काहीतरी तोंडात धरून असा ओरडतो की खरे कावळे थव्यानं अंगावर येतात. मग ठो ठो. आपल्याकडं असं कुणी केलंय का? मारायचं का हाकलायचं ते नंतर बघू. आधी एवढं सांगा, नकली कावळा बघून आपला कावळा येतो का जातो?

---

सिल्लोडी_मका | ९ फेब्रुवारी, रात्री ९.४८

भाऊ, मक्याला डिट्टो हेच. उगवला की उपसला. मी जुन्या कॅसेटची पट्टी बांबूला ताणून बांधली होती, वाऱ्यानं घूं घूं वाजते. होले, पारवे, साळुंक्या चार दिवस बिचकल्या. कावळा मात्र पहिल्याच दिवशी बांबूच्या टोकावर बसून पट्टीकडं वाकून बघत होता. पाचव्या दिवशी पट्टीच तोडून नेली, घरट्याला नेली की राग काढला देव जाणे.

---

छर्रेवाला | ९ फेब्रुवारी, रात्री १०.०२

एवढा विचार कशाला? छऱ्याची बंदूक घ्या, दोन पाडा, काठीला उलटे टांगा. महिनाभर कावळा फिरकत नाही. आमच्या आज्यापासून चालत आलंय.

---

रानवेडी | ९ फेब्रुवारी, रात्री १०.३१

आज्याच्या वेळी चालत होतं, कारण कायद्यातच सूट होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर, घुशी त्यात होते, त्यांना मारायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती अनुसूचीच निघाली. आता एखाद्या भागात एखादा प्राणी ठराविक मुदतीसाठी उपद्रवी ठरवायचा असेल तर केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढावी लागते. छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागो न लागो, तिनं पाखरू पाडणं हा वेगळा विषय आहे. आणि कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त गोळी नाही. फास लावणं, विष घालणं, अंडी-घरटी मोडणं, सगळं त्यात येतं.

मांजराकाठ दादा, तुमचा प्रश्न मला आवडला. येतो का जातो, हाच खरा प्रश्न आहे.

---

उदगीरकर | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

छर्रेवाले साहेब, मेलेला कावळा टांगायचं विसरा. जानेवारी २०२५ मधी आमच्या उदगीरात झाडाखाली कावळे पडूलाले होते. पहिल्यांदा लोक म्हणले थंडीनं. मग नमुने गेले, बर्ड फ्लू निघाला. त्याच्या चार वर्षं आधी, जानेवारी २०२१ मधी, परभणीच्या मुरुंब्यात ८०० च्या आसपास कोंबड्या मेल्या, तोबी बर्ड फ्लूच. आन् तुम्ही मेलेलं पाखरू हातानं उचलून रानात टांगूलालाव? घरी कोंबड्या आहेत का? लेकरं आहेत का? मेलेला दिसला तर हात लावू नका, पशुसंवर्धनवाल्यांना फोन करा.

---

मांजराकाठ | १० फेब्रुवारी, दुपारी १.२०

मारायचा विषय बंद. तसाही माझा नेम असा आहे की विहिरीत दगड टाकला तर काठावर पडतो.

पण ते नकली कावळे आणि आवाजाचं कुणी सांगा की. आज सकाळी आणखी पाच-सहा ओळी गेल्या.

---

परदेशी_पाखरू | १० फेब्रुवारी, रात्री ११.५५

मी मूळचा अंबाजोगाईचा, नऊ वर्षं झाली अमेरिकेत, कॅन्ससमध्ये आहे. कंपनीतला एक शेतकरी-मित्र दर हिवाळ्यात कावळ्यांच्या शिकारीला जातो, त्याच्याबरोबर दोनदा गेलोय. बंदूक धरली नाही, नकली कावळे उचलायचं काम माझ्याकडं होतं. जे बघितलं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तिथं त्याला कायद्याची चौकट आहे. कावळ्याचा हंगाम वर्षाला जास्तीत जास्त १२४ दिवसांचा, आणि ऐन विणीच्या काळात बंद. पीक खात असतील तर शेतकऱ्याला निराळी मुभा आहे. तेव्हा व्हिडिओतला माणूस गुन्हेगार नाही, पण तो नियम कॅन्ससचा आहे, कळंबचा नाही.

आता कसब. तो आधी दोन दिवस नुसता गाडीत बसून बघतो. कावळे रात्री जिथं झोपतात ती झाडं कुठं, सकाळी चरायला कुठं जातात, मधली हवेतली वाट कोणती. त्या वाटेखाली आडोसा करायचा. नकली कावळे काळे, पण मंद काळे. प्लास्टिक उन्हात चकाकलं की खेळ खलास, म्हणून तो त्यांना काळ्या कापडाचे तुकडे चिकटवतो. दहा-बारा जमिनीवर विखरून, तोंडं वेगवेगळ्या दिशांना, मान खाली, म्हणजे चरतायत असं वाटावं. एक उंच फांदीवर, तो राखणदार. कावळे चरताना एखादा वर बसून पहारा देतो हे आपणही बघितलंय. राखणदार दिसला की बाकीच्यांना वाटतं इथं सगळं ठीक आहे.

आवाज तीन तऱ्हेचे. एक, ‘या रे या’ अशी लांब लांब तीन-चार वेळा दिलेली हाक, मग गप्प. दुसरा भांडणाचा, घाईघाईचा कालवा. त्याच्याबरोबर प्लास्टिकचं घुबड मांडतात. कावळा आणि घुबडाचं पिढीजात वैर, दिवसा घुबड सापडलं की पंचक्रोशीतले कावळे त्याची खोड मोडायला येतात. तिसरा जिवावर बेतल्याचा, पकडलेल्या कावळ्याचा. पिपाणी फुंकणं दिसतं सोपं, पण मित्र म्हणाला फुंकू नको, घशातून गुरगुर. मला जमलं नाही, बदकासारखं वाजलं.

आणि मुद्द्याचं. पहिला एकटा कावळा टेहळायला येतो. त्यानं माणूस बघितला आणि ओरडत परतला, तर त्या जागेवर त्या दिवशी काही मिळत नाही. म्हणून तो एका जागी अर्धा-पाऊण तासच बसतो आणि महिनाभर तिथं परत जात नाही.

मांजराकाठ भाऊ, नीट बघा, ही सगळी कला कावळे बोलावण्याची आहे. भुईमुगात मान खाली घातलेला नकली कावळा उभा केलात तर तुम्ही जेवणाचं आमंत्रण दिलंत.

---

सिल्लोडी_मका | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

अरे बाप रे. म्हणजे माझ्या चुलतभावानं मागच्या वर्षी काळ्या पिशव्या भरून कावळे करून मक्यात उभे केलते, तेव्हा जास्तच आलते. आम्ही म्हणलं पिशव्या स्वस्तातल्या असतील.

---

गोफणवाला_आबा | ११ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

जिंतूरकडचा आहे. वय झालं, आता पोरगं टाइप करून देतं.

आमच्या लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की रानात माळा घालायचे. चार मेढी, वर फळ्या, कडब्याचं छप्पर. दिवस उगवायच्या आत पोरांना माळ्यावर चढवायचे, संगं भाकरी, मिरचीचा ठेचा आणि गोफण. गोफण अंबाडीच्या वाखाची, आजा वळून द्यायचा. खडा कुठं पडतो याला महत्त्व नाही, शेवटाला वाख फाटल्यासारखा जो फटका वाजतो तो पाखराला कळतो. चिमण्या आणि पोपट त्यानं उठायचे. कावळा उठायचा नाही. तो आधी बघायचा की माळ्यावर पोर आहे का मोठा माणूस. पोर असलं तर बसून राहायचा.

आता बोलावण्याचं. ते अमेरिकेवाल्यांना नवीन असेल, आपल्याला नाही. आपण पितरपाटात गच्चीवर उभं राहून काय करतो? आमच्या गावात एक म्हातारा होता. दहाव्याला गोदावरीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, घड्याळ पुढं पुढं जायला लागलं, की लोक त्याला बोलवायचे. बाकीचे सगळे काव काव करून घसा कोरडा करायचे. तो काव म्हणायचाच नाही. पिंडापासून लांब जाऊन पाठ करून बसायचा आणि घशातून बारीक आवाज काढायचा, क्र्रा... क्र्रा. दोनदाच. मग बिडी पेटवायचा. आणि सगळ्यांना एकच सांगायचा, पिंडाकडं बघू नका. नजर काढा. तुम्ही पन्नास जण टक लावून बसलाव तर कावळा कसा यावा? बहुतेक वेळा बिडी संपायच्या आत कावळा शिवायचा. लोक म्हणायचे त्याला विद्या आहे. मला तेव्हाच वाटायचं, विद्या त्या पाठ करण्यात आहे.

---

बालाघाट_डोंगर | ११ फेब्रुवारी, दुपारी २.३०

आबा, वा. बोलावण्यावरून आठवलं. आमच्या पाटोद्याच्या डोंगरात फासेपारधी लोकांची बोलीची कला मी लहानपणी बघितलीय. पिंजऱ्यात पाळलेला तित्तर माळावर ठेवायचे, तो आवाज द्यायचा, रानातला तित्तर हद्दीत कोण आला म्हणून भांडायला धावत यायचा आणि भोवती मांडलेल्या फासात पाय अडकायचा. जिवंत पाखराचाच हा डेकॉय, म्हणजे आमिष. लाव्यांच्या मागं जाताना शिकवलेल्या गाईच्या आडून चालायचे, पाखरू गाईला भीत नाही. आता हे सगळं बंद आहे आणि बंदच असावं. पण १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला आणि १९५२ साली तो पुसला म्हणतात, त्यांना पाखरांबद्दल जे माहीत होतं ते लिहून ठेवायला कुणी गेलं नाही. गावात चोरी झाली की मात्र अजून पहिल्यांदा त्यांच्याच पालावर जातात.

---

मांजराकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ८.४५

पहिला प्रयोग फसला, हसू नका.

परदेशी भाऊंनी सांगितलेला तिसरा आवाज, जिवावर बेतल्याचा, तो नेटवरून उतरवून घेतला. फेरीवाल्यांकडं असतो तसला छोटा भोंगा, मेमरी कार्डवाला, रानात खांबाला बांधला. पहाटे लावला. कावळे आले, खांबाभोवती एक घिरटी मारली, तारेवर बसले, ऐकलं. मिनिटभर. मग खाली उतरून ओळीनं जेवायला बसले. भोंगा वर किंचाळतोय, खाली पंगत चालू. आमचा सालगडी म्हणाला, मालक, इंग्रजी कावळा आहे, यांना कळंना.

शेजारच्या वस्तीवरची म्हातारी मात्र भांडायला आली, पहाटे पहाटे हे काय रडगाणं लावलंय म्हणून.

---

रानवेडी | १२ फेब्रुवारी, रात्री ९.२०

सालगडी बरोबर बोलला. अमेरिकेतला कावळा ही वेगळी जात आहे. आपल्याकडं गळ्याला राखाडी असतो तो गावकावळा, आणि पूर्ण काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा. दोघांचे आवाजही वेगळे. तुमच्या भुईमुगात कोणता आहे ते आधी बघा. आवाज लावायचाच तर त्याच जातीचा, जमलं तर त्याच गावचा लावा. हैदराबादच्या कृषी विद्यापीठानं पाखरं-रानडुकरांसाठी आवाजाचं यंत्र केलंय, त्याचंही तत्त्व हेच: नुसता गोंगाट नको, ज्याला घालवायचंय त्याला अर्थ कळेल असा आवाज हवा. आणि तो सतत नको. दिवसभर वाजणारा भोंगा म्हणजे लग्नातला बँड, थोड्या वेळानं कुणी ऐकत नाही.

---

निवृत्त_सहायक | १२ फेब्रुवारी, रात्री १०.१०

तीस वर्षं कृषी खात्यात गावोगाव फिरलो, दोन शब्द सांगतो.

लढाई दहा दिवसांची आहे हे डोक्यात ठेवा. कावळ्याला रोप नको, रोपाखालचा दाणा हवा. चार पानं फुटली की दाण्यातलं सत्त्व रोपानं ओढून घेतलेलं असतं, उपटून त्याला काही मिळत नाही, तो आपोआप सोडतो. तेव्हा वर्षभराचा बंदोबस्त शोधू नका. धुऱ्यावर, पिशव्या मोकळ्या केल्या तिथं बी सांडलेलं असतं, ते आधी वेचून घ्या. कावळा पहिल्यांदा तिथंच उतरतो आणि मग ओळ शोधतो. नांगे, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या पडलेल्या जागा, आठवड्याच्या आत भरा, बी रात्रभर भिजवून लावा, म्हणजे मागं पडणार नाही.

कुणी फोरेट, म्हणजे ते जहाल कीटकनाशक, लावून दाणे टाका म्हणेल. असं सांगणारे प्रत्येक गावात दोन असतात. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर पूर्ण बंदी आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका रानात कावळा एकही मेला नाही, सहा मोर आणि मालकाचं कुत्रं मेलं.

अजून एक. हेच आपण हरभऱ्यात एकरी २० पक्षी थांबे लावा म्हणून सांगत फिरतो, घाटेअळी खायला पाखरं यावीत म्हणून. जुनी माणसं हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकायची, पाखराला बसायला ताट. आणि मृगाच्या तोंडाला कुळवामागं बगळ्यांच्या जोडीनं हुमणी वेचत चालतो तो हाच कावळा. तेव्हा त्याला कायमचा दुश्मन करू नका.

---

मांजराकाठ | १५ फेब्रुवारी, रात्री ९.३०

सविस्तर लिहितो, कारण यावेळी जमलंय.

परदेशी भाऊंचं वाक्य डोक्यात बसलं होतं, उभा कावळा म्हणजे आमंत्रण. मग उलटा कावळा म्हणजे काय? घरात वडिलांची जुनी छत्री होती, काड्या मोडलेल्या. तिचं कापड काढलं. जुनं असल्यानं चकाकी गेलेली, अगदी हवं तसं काळं. आत भुसा भरून सुतळीनं मान आवळली, सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे कापून पंख केले, ते वाऱ्यावर लोंबले पाहिजेत. लिंबाखाली पडलेली कावळ्याची पिसं मिळाली, ती उदगीरकरांच्या धाकानं चिमट्यानं उचलून, साबणाच्या पाण्यात टाकून मग शिवली. (बायको म्हणाली, पोरांचे दप्तर शिवताना एवढं मन लावलं नाही कधी.) असे तीन केले. दोन उलटे टांगायला, एक उभा.

आता गंमत. सकाळी सातला एक छत्री-कावळा पायाला धरून, लोंबकळत, रानाकडं निघालो. वाड्यामागच्या लिंबाखालून जातो न जातो तोच एक कावळा ओरडला. मग दुसरा. दहा पावलांत लिंब, बाभळी, शाळेचं छप्पर, सगळीकडून कावळे. डोक्यावर घिरट्या, दोघांनी तर टाळूवरून वारा जाईल इतक्या खालून झडप घातली. मी पळतोय, हातात तो काळा गोळा, मागं दीडदोनशे कावळे आणि त्यांच्या मागं शाळेची पोरं. माझं पोरगं हसत हसत मोबाईलवर सगळं काढत होतं.

रानात पोचल्यावर डोक्यात उजेड पडला. याहून अस्सल आवाज कुठं मिळणार? पोराच्या व्हिडिओतला आवाज तेवढा काढून घेतला, चाळीस सेकंदांचा, शेवटी मी कुणाला तरी शिवी दिलीय ती कापली.

मांडणी अशी केली. भुईमुगाच्या दोन टोकांना बांबूला दोन कावळे उलटे, जमिनीपासून पुरुषभर उंच, दोरी सैल म्हणजे गिरकी घेतील. भोंग्यावर आपल्या गावचा कालवा. सतत नाही, सकाळी कावळे उतरायच्या वेळेला एकदा, अर्ध्या तासानं एकदा, चारच्या सुमाराला एकदा. पोरगं विहिरीच्या खोलीतून मोबाईलवरून लावतं, माणूस दिसत नाही.

आणि तिसरा, उभा, मान खाली घातलेला, तो नदीकडच्या पडीत. त्याच्यापुढं किडकी ज्वारी आणि शिळ्या भाकरी टाकल्या. पंगत तिकडं बसवली.

पहिल्या सकाळी भोंगा वाजला तशी फौज आली. उलट्या कावळ्याभोवती असा गलका केला की मला वाटलं घोळ झाला, आता सगळा भुईमूग तुडवतील. पण एकही खाली बसला नाही. पाचएक मिनिटं ओरडले आणि गेले. दुसऱ्या दिवशी निम्मे आले, उंचावरूनच. आज तर सरळ नदीकडच्या पडीत उतरले. दिवसाआड बांबूची जागा बदलतो. रोपांना दोन-दोन पानं आलीत.

घुबडही करणार होतो, पिठाच्या पिशवीचं. आईनं दारातच अडवलं. म्हणाली रानात घुबड मांडलंस तर मी शेंगा खाणार नाही. लक्ष्मीचं वाहन आहे म्हणलं, तर म्हणे मग देव्हाऱ्यात ठेव.

---

परदेशी_पाखरू | १६ फेब्रुवारी, पहाटे ५.०५

हा व्हिडिओ मला पाठवाच. मित्राला दाखवायचाय, त्यानं नकली कावळ्यांवर बरेच डॉलर घातलेत.

---

छर्रेवाला | १६ फेब्रुवारी, सकाळी ८.००

छत्री कोणती होती, जुनी जाड कापडाची का आताची नायलॉनची? माझ्याकडं नायलॉनची आहे, ती चकाकते.

---

मांजराकाठ | १६ फेब्रुवारी, सकाळी ८.२५

जुनी सुती. नायलॉनची असेल तर चुलीची राख आणि पाणी चोळून वाळवा, चकाकी मरते. सालगड्याचा सल्ला, मी करून बघितलेला नाही.

---

रानवेडी | १६ फेब्रुवारी, रात्री ९.५०

दादा, फार सुंदर. फक्त एक चूक झाली तुमच्याकडून. कावळा घेऊन जाताना तोंड झाकायला हवं होतं.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ म्हणून प्राध्यापक होते. त्यांनी २००६ मध्ये रबरी मुखवटे घालून काही कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे शिव्या द्यायचे. वर्षानुवर्षं. ज्यांना कधी पकडलं नव्हतं तेही बघून बघून शिकले. तो कावळा आपला नव्हे हे खरं, पण आपल्या कावळ्यालाही माणूस चांगला ओळखता येतो, हे आबांनी माळ्यावरच्या पोराचं सांगितलं त्यातच आलं. तुम्ही गावभर मेलेला कावळा हातात धरून फिरलात. त्यांच्या लेखी खुनी तुम्ही.

---

मांजराकाठ | १६ फेब्रुवारी, रात्री १०.१५

😄 ताई, घाबरवू नका. आजकाल सकाळी दाढी करायला अंगणात बसलो की वरून एकजण ओरडतो खरा. मला वाटलं ऋतूच तसा असेल.

---

मांजराकाठ | २८ फेब्रुवारी, रात्री ८.५०

हिशोब देतो. चार पानांवर आलं, कावळ्यांनी नाद सोडला. सुरुवातीच्या दिवसांत जे गेलं तेच गेलं. पश्चिमेच्या बाजूच्या ओळींत नांगे जास्त होते, सगळे मिळून ६ किलो बी परत भिजवून लावलं. ते आता हाताच्या बोटाएवढं आहे. उलटे कावळे काढून कोठीत ठेवले, पुढच्या वर्षी कुणाला हवे असतील तर घेऊन जा. पडीतल्या उभ्या कावळ्याला खऱ्या कावळ्यांनी चोची मारून पार भुसा काढलाय.

आता दुसरी अडचण. परवा वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. भटजी आले, सगळं यथासांग झालं. माळवदावर केळीच्या पानावर घास ठेवला, भात, वरण, खीर, वडे, वडिलांना आवडायची म्हणून शेंगदाण्याची चटणी. मी हात जोडून उभा. लिंबावर वीस-पंचवीस कावळे. एकही खाली येईना. उलट सगळे माझ्याकडं तोंड करून ओरडतायत. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. खाली भावकी ताटकळलेली, चुलते म्हणायला लागले, दादाची काहीतरी इच्छा राहिली असणार, बोल काहीतरी कबूल कर. मी म्हणलं, धाकट्याला बोअर मारून देतो. कावळे ढिम्म. आई डोळे पुसायला लागली.

शेवटी बायको वर आली. माझ्याकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं आणि म्हणाली, तुम्ही आधी खाली जा.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असेन. वर पंखांचा आवाज.

---

गोफणवाला_आबा | २८ फेब्रुवारी, रात्री ९.३०

बोअर मारून द्यायचं कबूल केलाव, ते आता द्यावं लागतं बरं का.

---

सिल्लोडी_मका | २८ फेब्रुवारी, रात्री ९.४२

छत्री-कावळा एक मला ठेवा. येताना मी पागोट्यानं तोंड बांधून येतो.